पहिला रकाना कुणी खाल्ला?



जुलैमधल्या पालकसभेनंतर एक आई थांबली. मुलगा यंदाच गावाकडच्या जिल्हा परिषद शाळेतून आमच्या सेमी इंग्रजीच्या वर्गात आलाय. ती म्हणाली, "बाई, तिकडं सगळं येत होतं हो त्याला. इथंच काय होतं कळत नाही."

हे वाक्य तुम्हीही ऐकलं असेल. मला मात्र ते ऐकून शाळा आठवली नाही. मला माझं जुनं ऑफिस आठवलं. शिकवायला लागण्याआधी मी सहा वर्षं कॉम्प्युटरच्या एका कंपनीत होते, आणि तिथं रोज कुणी ना कुणी हेच म्हणायचं, "तिकडे चालत होता, इकडे चालत नाही." फक्त ते मुलाबद्दल नसायचं, प्रोग्रामबद्दल असायचं. आज तीच गोष्ट सांगते. थोडी तांत्रिक आहे, पण गणिताच्या तासाला बसल्यासारखं बसा, जमेल.

आमचं बिऱ्हाड बुधवार पेठेत, जोगेश्वरीजवळच्या एका वाड्यात. बाबा मुद्रितशोधक होते. अप्पा बळवंत चौकातल्या प्रकाशकांची प्रुफं घरी आणून तपासायचे. आता तुम्ही जूनमध्ये पुस्तकं आणि 'अपेक्षित' घ्यायला ज्या चौकात घामाघूम होता, तोच हा चौक. ऑफिसात कुणी पत्ता विचारला आणि मी "बुधवार पेठ" म्हटलं की समोरचा क्षणभर गप्प व्हायचा. पेठ एकच, पण ऐकणाऱ्याच्या डोक्यात भलतंच चित्र. शब्द तोच आणि अर्थ दुसरा, हा प्रकार मला असा घरापासूनच ओळखीचा होता. पुढे कामातही तोच भेटला.

काम काय होतं? परदेशातल्या एका मोठ्या संस्थेचे हिशोबाचे प्रोग्राम मेनफ्रेमवर चालत. मेनफ्रेम म्हणजे बँका, विमा कंपन्या वापरतात ते मोठं यंत्र. ते प्रोग्राम असेंब्लर भाषेत लिहिलेले, म्हणजे यंत्राच्या अगदी कानाशी बोलणारी भाषा. 'हा आकडा उचल, त्यात तो मिळव, इथे ठेव', इतक्या बारीक आज्ञा. हे प्रोग्राम एका ऑपरेटिंग सिस्टिमवरून दुसरीवर हलवायचे, एवढंच. 'एवढंच' असं आम्हाला पहिल्या दिवशी सांगितलं होतं.

असं हलवायची वेळ का येते? त्यासाठी थोडं मागे जावं लागेल. ७ एप्रिल १९६४ ला आयबीएमने सिस्टिम/३६० नावाची यंत्रमालिका जाहीर केली. लहान यंत्रापासून मोठ्या यंत्रापर्यंत आज्ञा त्याच, हा तिचा मोठेपणा. लहान यंत्रावर लिहिलेला प्रोग्राम धंदा वाढल्यावर मोठ्या यंत्रावर नेता यावा, अशी कल्पना. पण या यंत्रांसाठीची ओएस/३६० ही ऑपरेटिंग सिस्टिम वेळेवर तयार होईना, आणि जी तयार होत होती ती लहान यंत्रांत मावेना. तिचं काम पाहणाऱ्या फ्रेड ब्रूक्स यांनी पुढे १९७५ मध्ये त्या अनुभवावर एक गाजलेलं पुस्तकच लिहिलं. मग लहान यंत्रांसाठी एक आटोपशीर सिस्टिम काढली, तिचं नाव डॉस. (तुम्हाला आठवतो तो पीसीवरचा डॉस नव्हे. तो बराच नंतरचा.) तात्पुरती सोय म्हणून आलेली ही डॉस नावं बदलत दशकानुदशकं टिकली. भाड्याच्या खोलीत 'दोन वर्षं राहू' म्हणून गेलेली माणसं तिथंच नातवंडं खेळवतात ना, तसं. शेवटी संस्था वाढली, यंत्र वाढलं, आणि मोठ्या घरात, म्हणजे ओएसच्या वारसदार एमव्हीएसमध्ये, जायची वेळ आली.

आणि हे सामान हलवायला हमाल कोण? आपण. यात लाज वाटण्यासारखं काही नाही, भारतातल्या सॉफ्टवेअर निर्यातीची सुरुवातच साधारण अशी झाली. १९७४ मध्ये टीसीएसने बरोज कंपनीसाठी परदेशातलं जे पहिलं मोठं काम केलं, ते हॉस्पिटलची एक प्रणाली बरोजच्याच एका प्रकारच्या यंत्रावरून दुसऱ्या प्रकारच्या यंत्रावर नेण्याचं. इन्फोसिस १९८१ मध्ये पुण्यातच सुरू झाली, १९८३ मध्ये बंगळूरला गेली. १९९० मध्ये पुण्यात सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्क आलं, आणि मग आमच्यासारख्या पोरापोरींना असली कामं इथं बसून करता येऊ लागली. मी १९९४ मध्ये लागले.

आता गंमत बघा. आज्ञा दोन्हीकडे त्याच. यंत्रात सोळा रजिस्टर, शून्य ते पंधरा. एल म्हणजे लोड, ए म्हणजे ॲड, एसटी म्हणजे स्टोअर. इथे बेरीज येते तर तिथेही येते. मग अडतं कुठं? प्रोग्राम स्वतःच्या डोक्यानं करतो ते काही अडत नाही. अडतं ते तो घरातल्या मोठ्यांकडे काही मागतो तिथं. फाईल उघडून द्या, ओळ छापून द्या, आजची तारीख सांगा, माझं काम झालं, मी जातो. ही मागणी करायची रीत दोन घरांत वेगळी.

एक उदाहरण देते. डॉसमध्ये फाईल डिस्कवर नेमकी कुठल्या ट्रॅकपासून सुरू होते आणि किती ट्रॅक घेते, हे काम चालवणाऱ्यानं स्वतः लिहून द्यायचं. म्हणजे 'तिसऱ्या फडताळात डावीकडून चौथा डबा'. एमव्हीएसमध्ये फक्त म्हणायचं, दहा ट्रॅक जागा हवी, कुठं ते तुम्ही बघा. सुटसुटीत वाटतं ना? पण आमच्यातल्या डॉसवर वाढलेल्या एका ज्येष्ठांना ते शेवटपर्यंत पटलं नाही. "माझी फाईल कुठाय हे मलाच माहीत नाही, हे कसलं घर?" असं ते म्हणायचे.

दुसरं उदाहरण परत जाण्याचं. डॉसमधला प्रोग्राम काम संपलं की 'ईओजे' म्हणायचा आणि विषय संपायचा. एमव्हीएसमध्ये तुमचा प्रोग्राम पाहुणा असतो. यजमान चौदाव्या रजिस्टरमध्ये परतीचा पत्ता देतो, तेराव्यात बहात्तर बाइटच्या एका जागेचा पत्ता देतो, आणि अपेक्षा अशी की आल्या आल्या तुम्ही सगळी रजिस्टर्स त्या जागेत जपून ठेवावीत आणि जाताना होती तशी परत करावीत. डॉसच्या प्रोग्रामना ही सवयच नाही. ते आल्याबरोबर चौदावं रजिस्टर स्वतःच्या कामाला घेत. मग आम्ही भाबडेपणानं 'ईओजे'च्या जागी 'चौदाव्यातल्या पत्त्यावर जा' असं लिहिलं की प्रोग्राम परत न जाता स्वतःच्याच पोटात कुठेतरी जायचा आणि गोल गोल फिरत बसायचा.

तरी या चुका बऱ्या, कारण त्या लगेच कळतात. जो शब्द नव्या घरात नाहीच, तो असेंब्लर तुमच्या तोंडावर फेकतो. 'हे काय? मला माहीत नाही.' दुरुस्त करा, पुढे चला. खरा धोका असतो तो दोन्हीकडे असलेल्या पण वेगळा अर्थ असलेल्या शब्दांचा. सिस्टिमकडे मागणी करायची ती क्रमांकानं. कुणा जुन्या शहाण्यानं 'ईओजे' असा शब्द न वापरता थेट एसव्हीसी १४ असा क्रमांक लिहून ठेवलेला असायचा. डॉसमध्ये १४ म्हणजे 'माझं काम संपलं'. एमव्हीएसमध्येही १४ आहे! पण तिथं त्याचा अर्थ 'माझ्याकडून चूक झाली तर काय करायचं ते नोंदवून घ्या'. असेंब्लर काही बोलत नाही. त्याच्या दृष्टीनं सगळं बरोबर. प्रोग्राम म्हणतो, येतो मी, आणि यजमानाला ऐकू येतं भलतंच.

तुम्हा शिक्षकांना हे नवीन नाही. हिंदीत 'शिक्षा' म्हणजे शिक्षण, आपल्याकडे 'शिक्षा' म्हणजे छडी. हिंदीत 'चेष्टा' म्हणजे प्रयत्न. हिंदीच्या पेपरात मुलं अडतात ती अवघड शब्दांना नाही, या ओळखीच्या शब्दांना.

तारखेचंही तसंच. डॉसकडे तारीख मागितली की आठ अक्षरांत दिवस, महिना, वर्ष मिळायचं. त्यातही दिवस आधी की महिना आधी, हे त्या-त्या ठिकाणच्या मांडणीवर. एमव्हीएस तारीख देई ती वर्ष आणि वर्षातला कितवा दिवस अशी. १ मार्च १९९५ म्हणजे ९५ आणि ०६०. आम्ही ते उलटं फोडून पुन्हा दिवस-महिना करणारा छोटा भाग लिहिला आणि त्याला डॉसमधलंच जुनं नाव दिलं, म्हणजे प्रोग्रामला वाटावं आपण अजून जुन्याच घरात आहोत. अशी बरीच जुनी नावं आम्ही नव्या अर्थानं भरली. तेव्हा मला या युक्तीचा फार अभिमान होता. आज थोडी शंका येते. त्यानं काम लवकर झालं, पण प्रोग्राम नव्या घरची भाषा शिकला नाहीच.

आता माझी चूक सांगते. तिच्यासाठीच हे सगळं लिहितेय.

एक अहवाल होता. शाखांची यादी, प्रत्येक ओळीत डावीकडे चार अंकी शाखा क्रमांक आणि पुढे रकमा. डॉसमध्ये ओळीतली १३२ च्या १३२ अक्षरं छापली जात, आणि नवं पान हवं असेल तर प्रिंटरला वेगळी आज्ञा द्यायची. नव्या घरी मी जी पद्धत निवडली, तिच्यात ओळीतलं पहिलं अक्षर छापायचं नसतंच, ती प्रिंटरसाठीची खूण असते. पहिलं अक्षर कोरं असेल तर पुढच्या ओळीवर जा, शून्य असेल तर एक ओळ सोड, आणि एक असेल तर नवं पान घे. योग्य काम म्हणजे प्रत्येक ओळ एका घरानं उजवीकडे सरकवून पुढे एक जागा खुणेसाठी मोकळी करणं. त्यासाठी बऱ्याच ठिकाणी हात घालावा लागला असता. मी पाहिलं, शीर्षकाच्या ओळीत पहिलं घर कोरं आहे. तिथं एक टाकला. बाकी ओळींतही पहिलं घर कोरंच दिसत होतं, कारण शाखा क्रमांक दोन-तीन अंकी आणि पुढची शून्यं गाळलेली. म्हटलं, कोरं म्हणजे पुढची ओळ. झालंच की काम! चाचणी घेतली, जुना कागद आणि नवा कागद सारखा. मी खूश.

चाचणीसाठी मिळालेल्या नमुन्यात हजाराच्या पुढची एकही शाखा नव्हती.

खऱ्या कामात होत्या. १०४२ क्रमांकाची ओळ आली की तिचा पहिला 'एक' प्रिंटरनं खूण म्हणून खाल्ला, नवं पान घेतलं, आणि कागदावर छापलं ०४२. पुढची शाखा १०४३, पुन्हा नवं पान. तिकडच्या ऑपरेटरनं पहाटे फोन केला की खोकीच्या खोकी कागद संपतोय आणि प्रत्येक पानावर एकच ओळ आहे. त्या फोनवर मी जे बोलले ते आजही आठवून कान गरम होतात. मी म्हटलं, "प्रोग्राम बरोबर आहे, तुमच्या डेटात काहीतरी गडबड असेल."

कागद वाया गेला ते परवडलं. पण आधीच्या आठवड्यात एक छोटा अहवाल याच प्रोग्राममधून गेला होता, त्यात हजारावरच्या शाखा मोजक्याच. चार-पाच जादा पानं कुणाच्या नजरेत आली नाहीत. तिथल्या कुणा कर्मचाऱ्यानं ०४२ पाहिलं, ४२ समजलं, आणि रकमा ४२ च्या खात्याला लावल्या. त्या माणसाची काहीही चूक नव्हती. कागदावर जे होतं ते त्यानं वाचलं. सगळं हातानं उलगडून परत लावायला त्यांना बरेच दिवस लागले, आणि त्यांच्या वरिष्ठांनी आधी त्या कर्मचाऱ्यालाच धारेवर धरलं होतं, हे मला नंतर कळलं. मी त्याचं नाव कधी ऐकलं नाही. माझ्या साहेबांनी मला एकच प्रश्न विचारला. "चाचणी कशावर घेतलीस?"

त्या रात्री मी चाचणीचे छापील कागद घरी आणले. (आज असले कागद कुणी घरी नेऊ देणार नाही, पण ते खोट्या आकड्यांचे होते.) वाड्यातल्या खोलीत जमिनीवर जुना आणि नवा कागद शेजारी पसरला. बाबा चष्मा लावून प्रुफं बघत होते. त्यांनी विचारलं, "काय जुळवतेयस?" सांगितलं. म्हणाले, "अशी जुळवलीस तर तुला चूक कधीच दिसणार नाही. डोळा अर्थ वाचतो गं, अक्षर वाचत नाही." मग त्यांनी त्यांची लाकडी पट्टी ओळीखाली धरली, मला मोठ्यानं वाचायला लावलं, प्रत्येक अंक सुटा, मोकळी जागासुद्धा 'मोकळी' म्हणून. आणि वाचायचं उजवीकडून. प्रुफं तपासताना मूळ प्रत एकानं वाचायची आणि दुसऱ्यानं पाहायची, ही त्यांच्या धंद्यातली साधी रीत. आम्ही रात्री एकपर्यंत बसलो. मी त्या रात्री नमुन्यात मुद्दाम १००१, १०४२, ९९९९ अशा शाखा लिहून काढल्या. नंतर ऑफिसात आम्ही प्रत्येक अहवाल महिनाअखेरीच्या खऱ्याखुऱ्या गर्दीवर दोन्ही घरांत समांतर चालवायला लागलो, आणि कागद पट्टी लावून जुळवायला लागलो. मला त्यावरून 'पट्टीवाली बाई' म्हणायचे. म्हणोत.

आता त्या मुलाकडे येऊ. पालकसभेनंतर मी त्याच्या आईला म्हटलं, त्याची मागच्या शाळेतली एखादी वही असेल तर आणा. तिनं आणली, छान जपलेली. ती आणि आमच्याकडची चाचणीची उत्तरपत्रिका मी शेजारी ठेवली, आणि खरं सांगते, पर्समधून पट्टी काढली.

दहापैकी तीन गुण होते. बेरीज, हातचे, पायऱ्या, सगळं जागच्या जागी. पण मुलगा शांत असला की इंग्रजी अंक काढतो आणि घाई झाली की हात आपोआप मराठी अंकांवर जातो. आता मराठी चार बघा, इंग्रजी आठासारखा दिसतो. मराठी एक बघा, इंग्रजी नऊसारखा. त्यानं लिहिलं होतं ४१. तपासणाऱ्या डोळ्यानं वाचलं एकोणनव्वद, आणि तेही तो इंग्रजीत वाचून. लाल फुली. अंक ओळखीचे नसते तर तपासणारा थांबला असता, विचारलं असतं. ओळखीचे वाटले म्हणूनच घोटाळा. तो तपासणारा डोळा माझाच होता.

बोलण्यातही तसंच. आपण 'सत्तावीस' म्हणताना सात आधी बोलतो, इंग्रजीत वीस आधी. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'वीस सात' ही वाचनपद्धत आली तेव्हा केवढा गदारोळ झाला होता, आठवतो ना? मला त्या वादात एका बाजूला पडायचं नव्हतं, आजही नाही. पण हा मुलगा 'ट्वेंटी सेव्हन' ऐकून मनात 'सत्तावीस' करतो, मग लिहितो. तेवढा वेळ त्याला लागतो. आम्ही त्याला 'स्लो' म्हणत होतो.

आणि एक. मी तास संपताना वर्गाला विचारते, "एनी डाउट्स?" हा मुलगा दर वेळी घाईघाईनं मान हलवून "नाही, नाही" म्हणायचा. मला वाटायचं, विचारायला लाजतो. त्या दिवशी आईसमोर बोलता बोलता उलगडलं. त्यांच्याकडे 'डाउट घेणं' म्हणजे संशय घेणं. त्याला वाटायचं, बाई विचारतायत की कुणाला कुणावर संशय आहे का. कॉपीबिपीचा. तो बिचारा दर वेळी आपण निर्दोष असल्याचं सांगत होता.

आईला हसू आलं, मलाही आलं, मग दोघीही गप्प झालो. मी उत्तरपत्रिका पुन्हा तपासली, उजवीकडून, एकेक अंक बोट ठेवून. दहापैकी आठ झाले. उरलेले दोन खरेच चुकले होते, ते मी दिले नाहीत.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत तो स्वतःहून टेबलाशी आला. पाटीवर मराठी एक आणि इंग्रजी नऊ शेजारी शेजारी काढून आणले होते. बराच वेळ बघत उभा राहिला आणि म्हणाला, "बाई, घाईत मराठीच आला तर मी याचं शेपूट जरा लांब काढतो. मग कळेल ना तुम्हाला?"